डेम्लो ते देवळाली

आसनगावहून लोकलने मुंबईकडे जाणाऱ्या आम्हा शहापूरकरांना डोंबिवली ठाऊक आहे ती गर्दीसाठी. (मुरबाडकरांना तर गाडीसाठी आधी कल्याण गाठावे लागते.) गणितात मात्र या स्टेशनाचे जुने नाव टिकून आहे : डेम्लो. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणूला 1905 साली जन्मलेल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना जी. आय. पी. रेल्वेच्या या स्टेशनावर काही संख्यांचा अभ्यास करावासा वाटला, आणि त्यांनी त्या संख्यांना स्टेशनाचेच नाव दिले. पुढे ते कसारा घाटापलीकडे देवळालीला शाळामास्तर झाले. त्या गावाच्या नावानेही संख्यांचा एक प्रकार आहे. या दोन स्टेशनांच्या मधोमध आमचा तालुका येतो.

डेम्लो संख्यांतल्या सर्वांत देखण्या म्हणजे नुसत्या एकांच्या रांगांचे वर्ग. 111 चा वर्ग 12321, 1111 चा 1234321. नऊ एकांपर्यंत हा डौल टिकतो, मग हातचे येऊन तो मोडतो. कापरेकरांच्या कामाला त्या काळी अनेकांनी पोरखेळ ठरवले. डौलापुरते पाहिले तर ते अगदीच खोटे नव्हते, असे माझे मत आहे. पण वर्ग बाजूला ठेवून नुसती रांग पाहावी. ती मूळ संख्या केव्हा असते?

रांगेतल्या एकांची संख्या संयुक्त असेल, तर रांगही फुटते : 111111 म्हणजे 111 गुणिले 1001. म्हणून 2, 3, 5, 7 अशा मूळ लांबीच्याच रांगा तपासायच्या. 11 मूळ आहे, पण 111 म्हणजे 3 गुणिले 37 आणि 11111 म्हणजे 41 गुणिले 271. सात एकांचे अवयव 239 आणि 4649. त्या दोहोंना 7 ने भागा, बाकी 1 च उरते. हा योगायोग नाही. लांबी 3 पेक्षा मोठी मूळ संख्या असेल, तर रांगेच्या प्रत्येक मूळ अवयवाला त्या लांबीने भागल्यावर 1 उरलाच पाहिजे. एकोणीस एकांची रांग तपासायला अवयव 105 कोटींपर्यंत शोधावे लागतात. वरच्या नियमाने, सम संख्या वगळून, पावणेतीन कोटींच्या आसपास उमेदवार उरतात. तेही हाताने कोण करणार? तरी पहिल्या महायुद्धाच्या काळात ऑस्कर होप यांनी ती रांग मूळ असल्याचे सिद्ध केले. तेवीस एकांची 1929 मध्ये झाली. 317 आणि 1031 एकांच्या रांगांना संगणकाच्या काळापर्यंत थांबावे लागले. त्यापुढची मूळ रांग 49,081 एकांची आहे, तिची सिद्धता 2022 मध्ये मिळाली.

मार्टिन गार्डनर यांनी 1975 मध्ये अमेरिकेतल्या आपल्या सदरात लिहिले, तेव्हा कापरेकर जगाला माहीत झाले. तोवर ते निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. 1986 मध्ये ते गेले. अशा मूळ रांगा कुठेतरी संपतात की नाही, हे आजही कुणाला सिद्ध करता आलेले नाही.