बोलणे, ऐकणे आणि थांबणे

नवी मुंबईतील महापे येथील औद्योगिक वसाहतीत नेल्को ही कंपनी आहे. १९४० साली स्थापन झालेली ही कंपनी एके काळी रेडिओ बनवत असे. आज ती उपग्रहामार्फत दूरदूरची ठिकाणे एकमेकांना जोडते. रेडिओवर आपण फक्त ऐकत होतो. व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये मात्र शिक्षक बोलत असताना दूरच्या गावातल्या मुलाचा प्रश्नही त्यांच्यापर्यंत पोचायला हवा, आणि तोही वेळेवर. हे ‘वेळेवर’ पोचणे इतके अवघड का? त्यासाठी थोडे मागे जाऊ.

१९२७ साली भारत व इंग्लंड यांच्यात लघुलहरींवर चालणारी ‘बीम’ बिनतारी संदेशसेवा सुरू झाली. संदेश पाठवणारे केंद्र पुण्याजवळ खडकीला होते, तर येणारे संदेश घेणारे केंद्र दूर दौंडला. ही दोन केंद्रे शेजारी शेजारी का नव्हती? हजारो किलोमीटर प्रवास करून आलेली लहर अतिशय क्षीण झालेली असते. जवळच शक्तिमान प्रक्षेपक चालू असेल, तर त्याच्या गोंगाटात ती बुडून जाते. स्वतः मोठ्याने बोलणाऱ्याला दुसऱ्याची कुजबुज ऐकू येत नाही, तसेच हे. ही अडचण पुढेही बिनतारी यंत्रांचा पिच्छा सोडणार नव्हती.

पुढे उपग्रह आले. १९७५-७६ मधील ‘साइट’ प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम पोचले. पण ते एकतर्फी होते. मुलांना उलट प्रश्न विचारता येत नव्हता. दुतर्फी संवाद करायचा, तर अंतराचा हिशेब आड येतो. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. वर जाऊन खाली येण्याचा प्रवास झाला ७२,००० किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानेही त्याला सुमारे पाव सेकंद लागतो. प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत अर्धा सेकंद! संभाषण सहज वाटण्यासाठी एका दिशेचा विलंब ०.१५ सेकंदाच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे.

जमिनीवर अंतर कमी, म्हणून तेथे अडचण नसावी असे वाटेल. पण तेथे गर्दी आहे. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्राम्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटांवरचे संगणक रेडिओने जोडले. नियम साधा होता : माहितीचा तुकडा तयार झाला की पाठवा, पोच मिळाली नाही तर थोडे थांबून पुन्हा पाठवा. दोघांनी एकदम पाठवले की दोन्ही तुकडे वाया जात. या पद्धतीत वाहिनीचा जास्तीत जास्त १८ टक्केच उपयोग होऊ शकतो, असे गणिताने दिसले.

१९९७ साली वाय-फायचे पहिले मानक आले तेव्हा नियम सुधारला होता. बोलण्याआधी ऐका. कोणी बोलत असेल तर थांबा, आणि नंतरही एकदम तुटून न पडता प्रत्येकाने यदृच्छया निवडलेला अल्पकाळ थांबा. खडकी-दौंडची अडचण येथे पुन्हा भेटते. वाय-फायचे यंत्र एका वाहिनीवर बोलत असताना त्याच वाहिनीवर ऐकू शकत नाही. त्यामुळे टक्कर झाल्याचे त्याला त्या क्षणी कळत नाही. पोच आली नाही, यावरूनच ते अनुमान करते.

ई-पत्र एक सेकंद उशिरा आले तरी बिघडत नाही. पण संभाषणात उशिरा आलेला आवाज न आल्यासारखाच असतो. म्हणून २००५ साली वाय-फायच्या मानकात आवाज व चित्र यांना कमी थांबायला लावणारी भर घातली गेली. त्याच वर्षी भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीची उपकरणे परवान्याविना वापरण्याची मुभा मिळाली, आणि त्या पट्ट्यात गर्दीही वाढू लागली. तेथे एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन : १, ६ आणि ११.

शाळेत व्हिडिओ कॉन्फरन्स अडखळू लागली की राउटरची शक्ती वाढवावी, असे वाटते. पण राउटर मोठ्याने बोलला म्हणून त्याला दूरच्या फोनचा क्षीण आवाज जास्त ऐकू येत नाही. उलट शेजारच्या यंत्रांना मात्र थांबावे लागते. त्यापेक्षा मुख्य यंत्रणा तारेने जोडावी. ते शक्य नसेल, तर राउटर त्याच खोलीत ठेवून ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा. तेथे वाहिन्या अधिक असतात, मात्र भिंतींपलीकडे लहरी कमी पोचतात.

हे सारे वर्गात करून पाहता येईल. दहा मुलांना डोळे मिटून, वाटेल तेव्हा एकेक वाक्य बोलायला सांगा. किती वाक्ये नीट ऐकू आली ते मोजा. मग ‘आधी ऐका’ हा नियम घाला. शेवटी, शांतता झाल्यावर प्रत्येकाने मनात १ ते २० मधला कोणताही आकडा धरून तेवढे अंक मोजावेत आणि मगच बोलावे. तिन्ही वेळचे आकडे फळ्यावर लिहा. नंतर वीस मुले घेऊन पुन्हा करा, आणि काय बदलले ते मुलांनाच विचारा.