मोटार कारवाँसाठी ट्रकची निवड (वर्धा जिल्हा)

मोटार कारवाँ म्हणजे राहण्याची सोय असलेले वाहन. आसने व टेबल, झोपण्याची जागा, स्वयंपाकाची सोय आणि सामानाचे कप्पे एवढे त्यात असावेच लागते, आणि टेबल वगळता ते पक्के बसवलेले असावे लागते. भारतात अशा वाहनांच्या मान्यतेसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कारवाँ पर्यटन धोरणही जाहीर केले. ट्रकच्या चेसिसवर घर उभारताना इंजिनाच्या ताकदीपेक्षा वजन आणि जमीन यांचा विचार आधी करावा लागतो.

जमीन व रस्ते : समृद्धी महामार्ग, हिंगणघाटवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि वर्धा-यवतमाळ मार्ग यांवर कोणताही अवजड ट्रक सहज धावतो. अडचण येते ती मुक्कामाच्या ठिकाणी. जिल्ह्याचा बराच भाग काळ्या कापसाच्या जमिनीचा आहे. ही माती पाण्याने फुगते, मऊ पडते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पावसाळ्यात पांदण रस्त्यावर जड गाडीची मागची चाके रुततात. चारही चाकांना ताकद देणारा ट्रक अशा वेळी उपयोगी पडतो, पण वजन फार असेल तर तोही खचतो. म्हणून गरज भागवणारा सर्वांत हलका ट्रक निवडावा.

भार : जुलै २०१८ च्या अधिसूचनेनुसार दोन ॲक्सलच्या ट्रकला एकूण १८.५ टन भाराची मुभा आहे. पुढे ७ टन व मागच्या चार टायरच्या ॲक्सलवर ११.५ टन. घराला इतकी क्षमता क्वचितच लागते. तरीही हिशेब काटेकोर हवा. ४०० लिटर पाण्याचे ४०० किलो आणि २०० लिटर डिझेलचे सुमारे १६५ किलो, म्हणजे माणसे व सामान चढण्याआधीच अर्ध्या टनाहून अधिक भार होतो. पाण्याची टाकी मागच्या टोकाला ठेवल्यास पुढच्या चाकांवरचा भार घटून स्टीअरिंगची पकड सैल होते. म्हणून टाकी दोन ॲक्सलच्या मध्ये, चेसिसलगत असावी. मागच्या ॲक्सलच्या मागे बाहेर येणारा भाग व्हीलबेसच्या ६० टक्क्यांहून जास्त चालत नाही. ४.२ मीटर व्हीलबेसला ही मर्यादा सुमारे २.५ मीटर येते. एकूण वजन ७,५०० किलोंपेक्षा जास्त असल्यास हलक्या वाहनाचा परवाना पुरत नाही.

बॉडी व उष्णता : खाचखळग्यांत ट्रकची चेसिस पिळते; घराची बॉडी मात्र कडक असते. ती थेट बोल्टने आवळली तर कोपरे फुटतात, म्हणून मध्ये हालचालीला वाव देणारी उपचौकट बसवतात. वर्ध्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे आहे. मागच्या घराला त्याचा लाभ मिळत नाही. तेथे छत व भिंतींत उष्णतारोधक थर हवाच. नवतप्याच्या कडक उन्हात सावलीत थांबण्याची सोय नसेल तर छत दुहेरी असणे चांगले.

जुना ट्रक : चेसिसवरचा गंज, वेल्डिंगच्या खुणा आणि कमानींची स्थिती आधी तपासतात. कारवाँ कमी धावतो, त्यामुळे टायर झिजण्याआधी वयाने कडक होतात. टायरच्या कडेवरील चार आकड्यांत आठवडा व वर्ष असते. २४२३ म्हणजे २०२३ चा चोविसावा आठवडा. सुटे भाग व मेकॅनिक जवळ मिळणारे मॉडेल विदेशी मॉडेलपेक्षा सोयीचे ठरते.

नोंदणी : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. म्हणून मालवाहू ट्रकवर पुढे घर बांधण्यापेक्षा नवी चेसिस घेऊन मान्यताप्राप्त बॉडी बांधणाऱ्याकडून कारवाँ करून घेणे सुरक्षित असते. वर्ध्यातील वाहनांची नोंदणी एमएच-३२ या क्रमांकाने होते. बांधणी पूर्ण झाल्यावर टाक्या भरून प्रत्येक ॲक्सल वजनकाट्यावर स्वतंत्रपणे तोलून घ्यावा. प्रत्यक्ष भार कागदावरच्या हिशेबाशी जुळला, तरच निवड बरोबर ठरते.