उद्या निकाल

मोबाईल घरीच ठेवा. त्याच्या बदल्यात हा टाक घ्या, ही लाल शाईची दौत घ्या आणि चला. जरा जपून, फरशी शहाबादी आहे, तापलीय. तारीख 30 एप्रिल 1973, गाव तेर, आणि तुम्ही आठवी ब चे वर्गशिक्षक. उद्या झेंडावंदन झालं की निकाल लागणार, आणि तुमची बेरीज जुळत नाहीय.

उभी बेरीज एक सांगते, आडवी दुसरी. फरक तीन मार्कांचा. डोक्यावरचा पत्रा उन्हानं कडकड वाजतोय. घामाचा थेंब नेमका गणिताच्या रकान्यात पडतो आणि कुणाचे तरी बेचाळीस मार्क पसरतात. टीपकागद दाबा. घसा कोरडा पडला असेल तर कोपऱ्यात रांजण आहे. तळाला तांब्याभर पाणी उरलंय, तेरणेच्या कोरड्या पात्रात झिरा उकरून आणलेलं. प्या, पण शेवटचा घोट ठेवा. त्यात वाळू असते.

बाहेर यात्रा भरलीय. चैत्र वद्य त्रयोदशी, गोरोबाकाकांची. पाऊस रुसला, गुरं विकली गेली, माणसं खडीवर गेली. तरी टाळकरी आलेत, आणि मृदंगाची थाप भिंतीतून तुमच्या टेबलापर्यंत पोचतेय. खिडकीतून तळणाचा वास येतो, त्यात गुलाल, त्यात नव्या माठांचा ओल्या मातीचा वास. मिलोची तांबडी भाकरी खाऊन आलेल्या पोटाला तो तळणाचा वास फार छळतो. हेडमास्तर दारात डोकावतात. "काय सर, मडकी थापटून झाली का? कच्ची किती, पक्की किती?" दरवर्षी याच दिवशी हाच विनोद. तुम्ही हसता. गोरोबाकाकांनी निदान संतांची डोकी थापटली होती. त्यांच्यापुढे आठवी ब नव्हती.

आता टेबलाचा खण उघडा. आज तो रिकामा करायचा आहे.

वर्षभराचा जप्त माल. सात गोट्या, आरी निखळलेला एक भोवरा, चिंचोक्यांची पुरचुंडी, एक चिठ्ठी (वाचू नका, मी वाचलीय, काही नाही तिच्यात) आणि तळाशी एक मणी. बोरीच्या आठळीएवढा, लांबट, दगडी, आरपार भोक पाडलेला. तेरात हे नवलाचं नाही. पावसाची सर येऊन गेली की पांढरीवरची माती धुपते आणि मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे वर येतात. रामलिंगप्पा लामतुरेंनी गावातून असंच वेचून अख्खा संग्रह उभा केला. या गावाचं जुनं नाव तगर, इथलं सुती कापड गाड्यांत भरून भडोचला जायचं आणि तिथून जहाजावर चढायचं, हे तुम्ही इतिहासाच्या तासाला रंगवून सांगत होता, तेव्हा मागच्या बाकावर एकाचं लक्ष नव्हतं. तो खाली बघून हा मणी दोऱ्यात ओवत होता. तुम्ही तो काढून घेतलात. जूनमधली गोष्ट. त्यानंतर पाऊस असा आलाच नाही.

हजेरीत त्या पोराच्या नावापुढे जानेवारीपासून 'ग' ची रांग लागलीय. आईबापाबरोबर खडी फोडायला गेला. परीक्षेला मात्र उगवला, तीन पेपर लिहिले, चौथ्याला नव्हता. त्याच्या शेऱ्याचा रकाना तुम्ही सकाळपासून कोरा ठेवलाय.

"सर, यिऊ का?"

तोच. मागं आई, कपाळाला बुक्का, पदरात रेवड्यांचा पुडा. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहते. "गुरुजी, प्वाराला वरच्या वर्गात घाला. चौथ्या दिशी हप्ता व्हता, त्याला मीच ठिवून घेतलं."

तुम्ही "उद्या बघू" म्हणता. दुसरं काय म्हणणार? निकाल आदल्या दिवशी फोडायचा नसतो. मग हाताला काहीतरी काम हवं म्हणून तुम्ही मणी पुढे करता. पोरगा तळहात पसरतो. तळहातावर फोड आलेत, दोन फुटलेले, बाकीचे वाळून पिवळे पडलेत. धुळकट, मातकट मणी त्यात ठेवताना तुमचं बोट फोडाला लागतं. तो हात मागे घेत नाही.

मणी तो तोंडात टाकतो. आई ओरडते. तो गालात घोळवतो, बाहेर काढतो आणि दाराच्या उजेडात धरतो. ओला मणी लालभडक झालाय, आतून दिवा लावल्यासारखा.

"असा बघायचा असतो, सर," तो म्हणतो. जूनमध्येच सांगायचं राहिलं असावं.

मग दोघं गर्दीत मिसळतात. आई रेवडीचा एक तुकडा तुमच्या टेबलावर ठेवून गेलीय. टाकाच्या टोकावरची शाई वाळलीय. ती पुसता, टाक दौतीत बुडवता आणि आडवी बेरीज पुन्हा पहिल्या नावापासून करायला घेता.