पाठीवरून नेलेली होडी

उंच डोंगरांतली बहुतेक सरोवरे हिमनदीने कोरलेल्या खोलगटांत किंवा तिने आणून टाकलेल्या दगडमातीच्या बांधाआड साठलेली असतात. त्यांच्या काठी गाव नसते. वस्ती असलीच तर उन्हाळ्यापुरती मेंढपाळांची. एवढ्या उंचीवर झाडे वाढत नाहीत, त्यामुळे होडी बांधायला लाकूड मिळत नाही. खालून आणावी म्हटले तर वाट माणसापुरती, फार तर खेचरापुरती. काठाने फेरी मारणेही अवघडच, कारण कुठे कडा थेट पाण्यात उतरलेला असतो, तर कुठे घसाऱ्यावरून पाय सरकतो. म्हणून अशी सरोवरे कित्येक शतके काठावरूनच पाहिली गेली. पाण्यात माणसाला पेलेल आणि जमिनीवर माणसाला पेलवेल अशी होडी मिळेपर्यंत त्यांची खोली, पैलतीर आणि मधली बेटे यांची नीट माहिती होणे शक्य नव्हते. अशा होडीला आज पॅकराफ्ट म्हणतात. तिचा इतिहास दर्यावर्दी लोकांनी फारसा घडवलेला नाही. तो मुख्यतः पायी चालणाऱ्यांचा आहे.

हवा भरलेले कातडे हा या अडचणीवरचा सर्वांत जुना तोडगा. निमरूद येथे सापडलेल्या इ.स.पू. नवव्या शतकातील ॲसिरियन शिल्पपटात फुगवलेली कातडी पोटाशी धरून नदी ओलांडणारे लोक दिसतात. हा पट आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पंजाब आणि हिमाचलच्या डोंगराळ भागात सतलज व बियास या नद्यांवर हीच युक्ती एकोणिसाव्या शतकातही रोजच्या वापरात होती. बैलाचे किंवा म्हशीचे कातडे अखंड सोलून काढायचे, भोके व पायांची तोंडे बांधायची आणि एका पायातून फुंकून ते फुगवायचे. नावाडी त्यावर पालथा पडून आखूड वल्ह्याने आणि पायांनी पाणी कापी; उतारू त्याच्या पाठीवर बसे. १८२० साली लडाखकडे निघालेल्या विल्यम मूरक्रॉफ्टचा काफिला सतलजपार झाला तो असाच. ३१ नावाड्यांनी दीड तासात सुमारे तीनशे माणसे आणि सोळा घोडे-खेचरे पलीकडे पोचवली. काम झाले की हवा सोडायची आणि कातडे खांद्यावर टाकून चालू लागायचे. महाराष्ट्रातल्या नद्यांवर हीच गरज सुक्या भोपळ्यांची सांगड भागवत असे. मात्र ही साधने एका काठावरून दुसऱ्या काठापर्यंत जाण्यापुरती होती. वाऱ्याच्या सरोवरावर तासन्‌तास राहणे आणि नोंदी करणे त्यांच्यावरून जमण्यासारखे नव्हते.

कातड्याची जागा घेणारे कापड १८२३ मध्ये आले. चार्ल्स मॅकिंटॉशने नॅफ्थात विरघळवलेल्या रबराचा थर दोन कापडांच्या मध्ये घालून पाणी न झिरपणाऱ्या कापडाचे पेटंट घेतले. त्याच्या थोडे आधी, १८२१ मध्ये, जॉन फ्रँकलिनची तुकडी उत्तर कॅनडातून परतताना कॉपरमाइन नदीपाशी अडकली होती. त्यांच्याजवळ होडी उरली नव्हती. डॉ. जॉन रिचर्डसनने दोर घेऊन पोहून जाण्याचा प्रयत्न केला आणि गारठून तो मरता मरता वाचला. शेवटी अंथरुणे गुंडाळायचे कापड विलोच्या फांद्यांवर ताणून एक टोपलीवजा होडी केली गेली आणि एकेक माणूस पार झाला. तोवर आठवडाभराहून अधिक काळ गेला होता. त्या मोहिमेतल्या वीसपैकी अकरा जणांचा शेवट झाला. १८२५ च्या पुढच्या मोहिमेत फ्रँकलिनने मॅकिंटॉशच्या कापडाने मढवलेली, सुटी करता येणारी ‘वॉलनट शेल’ नावाची होडी सोबत नेली. तिचे वजन ८५ पौंड, म्हणजे जवळजवळ ३९ किलो होते.

हे वजन एका माणसाच्या आवाक्यात आणले पीटर हाल्केट या ब्रिटिश नौदलातील लेफ्टनंटने. १८४० च्या दशकात त्याने अंगावर घालायचा झगाच होडी बनवला. झग्याच्या कापडात हवेचे चार स्वतंत्र कप्पे होते, खिशात छोटा भाता होता, हातातल्या काठीला पाते जोडले की वल्हे होई आणि छत्रीचे शीड. सगळ्याचे वजन साडेसात पौंड, म्हणजे ३.४ किलो. तीन-चार मिनिटांत होडी फुगे. हाल्केटने ती थेम्स नदीवर आणि बिस्केच्या उपसागरात चालवून दाखवली. नौदल खात्याने १८४५ मध्ये कल्पनेचे कौतुक केले, पण नौदलाला तिचा उपयोग नाही असे कळवले. जहाजांवर लाकडी होड्या असतातच, त्यामुळे खात्याचा निर्णय त्याच्या जागी बरोबर होता. तिची कदर पायी फिरणाऱ्यांनी केली. हडसन्स बे कंपनीचा जॉन रे याने १८४६-४७ च्या आर्क्टिक प्रवासात हाल्केटची होडी नेली आणि नद्या ओलांडण्यासाठी व मासळीची जाळी टाकण्यासाठी ती फार उपयोगी पडल्याचे नोंदवले. तशी एक होडी ऑर्कनी बेटांवरील स्ट्रॉमनेसच्या संग्रहालयात पाहायला मिळते.

अमेरिकेत याच सुमारास रबरी होडीने एका मोठ्या सरोवराचा शोध घेतला गेला. जॉन सी. फ्रेमाँटने १८४२ च्या मोहिमेत होरेस डे याने बनवलेली रबरी होडी नेली होती. ती प्लॅट नदीच्या घळीत उलटली. पुढच्या वर्षी नवी होडी घेऊन तो ग्रेट सॉल्ट लेकवर पोचला. ९ सप्टेंबर १८४३ रोजी तो, वाटाड्या किट कार्सन आणि आणखी तिघे एका बेटाकडे निघाले. होडीचे सांधे शिवलेले नव्हते, नुसते चिकटवलेले होते. खोल पाण्यात गेल्यावर त्यांतून हवा निसटू लागली आणि बेटापर्यंत एका माणसाला सतत भाता मारत बसावे लागले. अंगावर उडालेले पाणी वाळले की कपड्यांवर मिठाची पुटे चढत. बेटावर गोडे पाणी आणि शिकार मिळेल ही आशा फोल ठरली, म्हणून फ्रेमाँटने त्याला निराशेचे बेट म्हटले; आज ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. कच्चे रबर उन्हात मऊ पडते आणि थंडीत ताठरते. गंधक व उष्णता वापरून ते टिकाऊ करण्याच्या कृतीचे पेटंट चार्ल्स गुडइयरला १८४४ मध्ये मिळाले. कापडाचा प्रश्न त्यामुळे बराच सुटला. सांध्यांचा प्रश्न मात्र पुढे कितीतरी वर्षे राहिला.

हलकी होडी हाताशी नसली की काय करावे लागे, याचे ठळक उदाहरण ओरेगनमधील क्रेटर लेकचे आहे. ज्वालामुखीच्या खचलेल्या मुखात साठलेल्या या सरोवराचे पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,८८० मीटरांवर आहे. १८८६ मध्ये कॅप्टन क्लेरेन्स डटनच्या सर्वेक्षण पथकाने पोर्टलंडमध्ये ‘क्लीटवुड’ नावाची २६ फूट लांब, अर्ध्या टनाच्या आसपास वजनाची होडी बांधून घेतली. आधी रेल्वेने, मग गाडीवर लादून ती डोंगरावर चढवली आणि मुखाच्या उभ्या भिंतीवरून दोरांनी खाली सोडली. पथकाने तारेला वजन बांधून १६८ ठिकाणी खोली मोजली. सर्वांत खोल जागा १,९९६ फूट, म्हणजे ६०८ मीटर भरली. आधुनिक ध्वनिमापनाने हा आकडा ५९४ मीटर येतो. मोजमाप उत्तम होते, पण एका सरोवरासाठी असा खटाटोप पुन्हा पुन्हा करणे परवडणारे नव्हते.

घडीच्या कापडी होडीने काम बरेच सोपे केले. स्वीडिश प्रवासी स्वेन हेडिनने तिबेटच्या मोहिमेत अशी होडी जनावरांवर लादून नेली. सुमारे ४,५९० मीटर उंचीवरील मानससरोवर यात्रेकरूंच्या परिक्रमेमुळे काठाने पूर्ण माहीत होते, आतून नव्हते. त्या पवित्र पाण्यावर जाणारा माणूस परत येत नाही, अशी तिथल्या लोकांची समजूत होती. २६ जुलै १९०७ च्या रात्री हेडिन दोन लडाखी सोबत्यांसह निघाला आणि रात्रभर वल्हवत, ठरावीक अंतराने दोर सोडत पलीकडे गेला. पुढच्या दिवसांत आणखी फेऱ्या करून त्याने सरोवराची कमाल खोली जवळजवळ ८२ मीटर असल्याचे नोंदवले. याच वर्षी जर्मनीत योहान क्लेपरने आल्फ्रेड हॉयरिशच्या घडीच्या कायाकचे हक्क विकत घेतले आणि तिचे उत्पादन सुरू केले. ती रेल्वेच्या डब्यात मावे, पण तंबू आणि शिध्यासह पाठीवर घेऊन खिंड चढण्याइतकी हलकी नव्हती.

हाल्केटच्या वजनाजवळ जाणारी होडी पुन्हा मिळाली ती युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धात समुद्रावरून उडणाऱ्या वैमानिकांसाठी एका माणसापुरत्या फुगवायच्या होड्या मोठ्या प्रमाणावर तयार झाल्या. युद्धानंतर शिल्लक माल स्वस्तात विकला गेला आणि त्यातला काही भटक्यांच्या हाती पडला. १९५२ मध्ये डिक ग्रिफिथने मेक्सिकोतील बारांका देल कोब्रे या प्रचंड दरीत अशी होडी वापरली. आधुनिक पॅकराफ्टिंगची सुरुवात बहुधा इथूनच धरतात. १९८२ मध्ये अलास्कात होपपासून होमरपर्यंत रानातून जाण्याची पहिली शर्यत झाली. वाहन नाही, बाहेरची मदत नाही आणि लागेल ते सारे स्वतः वाहायचे, असे तिचे नियम होते. हिमनदीच्या थंडगार पाण्याची नदी आडवी आली तेव्हा तरुण स्पर्धक पोहून जायच्या तयारीला लागले. पंचावन्न वर्षांच्या ग्रिफिथने सॅकमधून होडी काढून फुगवली. पुढे या शर्यतीत अशी होडी हे नेहमीचेच सामान झाले.

त्या काळच्या हलक्या होड्या मात्र खेळण्यांसारख्या कमकुवत होत्या आणि मजबूत होड्या जड होत्या. हा पेच सोडवला शेरी टिंगी यांनी. त्यांचा मुलगा थॉर अलास्कातील ब्रूक्स पर्वतरांग ओलांडून आला होता आणि होडीवर नाराज होता. स्कीइंगचे कपडे शिवण्याचा अनुभव असलेल्या शेरी यांनी २००० नंतर थोड्याच काळात नवी रचना केली आणि त्यातून अल्पाका राफ्ट ही कंपनी उभी राहिली. पॉलियुरेथेनचा थर दिलेले नायलॉन आणि उष्णतेने पक्के बसवलेले सांधे यांमुळे फ्रेमाँटला छळणारा दोष दूर झाला. रोमन डायल यांनी २००८ मध्ये या विषयावर सविस्तर मार्गदर्शक पुस्तक लिहिले आणि अलास्कातली ही विद्या जगभर पसरली.

आजची एकट्यापुरती पॅकराफ्ट साधारण दोन ते चार किलोंची असते. चार तुकड्यांत सुटे होणारे वल्हे आणि लाइफ जॅकेट वेगळे. भात्याऐवजी पातळ कापडाची मोठी पिशवी वापरतात. तिचे एक टोक होडीच्या व्हॉल्व्हवर फिरवून बसवायचे, उघड्या तोंडाने वारा पकडायचा, तोंड मिटायचे आणि पिशवी पिळत हवा आत ढकलायची. काही मिनिटांत होडी आकार घेते. सरोवराचे पाणी बर्फाचे असल्याने आतली हवा आकसते आणि घट्ट वाटणारी होडी पाण्यात टाकल्यावर सैल पडते. म्हणून ती पाण्यात थोडी थंड होऊ देऊन शेवटची हवा तोंडाने भरतात. सपाट तळामुळे ती स्थिर असते, पण संथही असते, आणि हलकी असल्याने वाऱ्याने सहज वाहत जाते. डोंगरात दुपारनंतर वारा उठतो, म्हणून सरोवर सकाळी पार करण्याची आणि शक्य तितके काठ धरून जाण्याची शिस्त पाळली जाते. एवढ्या थंड पाण्यात पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांतच निकामी होऊ लागतात. एका सरोवरातले जीव दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून होडी धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात उतरवू नये, असाही दंडक आहे.

डोंगरी सरोवरे मोजण्याचे कारणही आता बदलले आहे. हिमनद्या मागे हटत असल्याने हिमालयात दगडमातीच्या बांधाआडची सरोवरे वाढत आहेत. ३-४ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक सरोवर फुटले आणि खाली चुंगथांग येथील तीस्ता-३ प्रकल्पाचे धरण वाहून गेले. अशा सरोवराचे क्षेत्रफळ उपग्रहाच्या चित्रावरून मोजता येते, पण त्यात नेमके किती पाणी आहे हे खोली मोजल्याशिवाय सांगता येत नाही. त्यासाठी संशोधक आजही फुगवायच्या होड्या वर नेतात. दोर आणि शिशाच्या वजनाऐवजी आता पाण्यात ध्वनी सोडून खोली मोजणारे यंत्र असते, पण रस्ता संपल्यावर होडी पाठीवरूनच न्यावी लागते.