जूनटीन्थ

जूनटीन्थ : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गुलामगिरीच्या अंताचे स्मरण म्हणून दरवर्षी १९ जूनला पाळला जाणारा राष्ट्रीय सुटीचा दिवस. ‘जून’ आणि ‘नाइन्टीन्थ’ यांच्या जोडातून हे लोकरूढ नाव तयार झाले.

पार्श्वभूमी : यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी १ जानेवारी १८६३ रोजी मुक्तीचा जाहीरनामा काढून बंडखोर राज्यांतील गुलामांना स्वतंत्र घोषित केले. संघराज्याचे सैन्य जेथे पोचले नव्हते, तेथे मात्र तो कागदावरच राहिला. दूरच्या टेक्ससमध्ये सुमारे अडीच लाख माणसे गुलामीतच राबत होती. १९ जून १८६५ रोजी मेजर जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी गॅल्व्हेस्टन येथे ‘सामान्य आदेश क्र. ३’ काढून त्यांची मुक्तता जाहीर केली. पूर्वीचे मालक व गुलाम यांचे व्यक्तिगत आणि मालमत्तेचे हक्क समान असल्याचे त्यात म्हटले होते. त्याचबरोबर मुक्त झालेल्यांनी आहेत तेथेच मजुरीवर काम करावे, असेही बजावले होते. काही मालकांनी पीक हाती येईपर्यंत ही बातमी दडवून ठेवली. डिसेंबर १८६५ मध्ये संमत झालेल्या तेराव्या घटनादुरुस्तीने देशभर गुलामगिरीवर बंदी आली.

उत्सव : १८६६ पासून टेक्ससमध्ये प्रार्थना, जाहीरनाम्याचे वाचन, गायन व सहभोजन यांनी हा दिवस साजरा होऊ लागला. अनेक ठिकाणी सार्वजनिक बागा कृष्णवर्णीयांना बंद होत्या. ह्यूस्टनमधील मुक्त समाजाने १८७२ मध्ये वर्गणी जमवून उत्सवासाठी दहा एकर जमीन विकत घेतली; तेच आजचे ‘इमॅन्सिपेशन पार्क’. कलिंगड, लाल सरबते आणि निखाऱ्यावर भाजलेले मांस हे या दिवसाचे खास खाद्य आहे. टेक्ससने १९८० पासून अधिकृत सुटी दिली. फोर्ट वर्थच्या ओपल ली यांनी उतारवयात पदयात्रा काढून राष्ट्रीय सुटीची मागणी लावून धरली. १७ जून २०२१ रोजी तसा कायदा झाला.

महत्त्व : घोषणा आणि प्रत्यक्ष मुक्ती यांत अडीच वर्षांचे अंतर पडले. स्वातंत्र्य शेवटच्या माणसापर्यंत पोचल्याखेरीज त्याची घोषणा पुरी होत नाही, हा या दिवसाचा आशय. अमेरिकेतील या मुक्तीकडे महाराष्ट्रातूनही आस्थेने पाहिले गेले. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण केला आणि शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवताना देशबांधवांनी त्यांचे अनुकरण करावे, अशी आशा व्यक्त केली.