पेट्रोलचा पाइप कोणाच्या हातात?

आजचा भाग पेट्रोलवर आहे. भाववाढीवर नाही, घाबरू नका. पेट्रोल भरण्यावर.

आपल्याकडचा सीन तुम्हाला पाठ आहे. पंपावर बाइक लावायची, टाकीचं झाकण उघडायचं, "दोनशेचं टाका" म्हणायचं. पंपावरचा दादा किंवा ताई म्हणणार, "झीरो बघा." मग क्यूआर स्कॅन करायचा आणि निघायचं. दोन मिनिटांचं काम.

आता हाच माणूस पहिल्यांदा जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये गाडी घेऊन पंपावर जातो आणि आत बसून वाट बघत राहतो. कोणी येतच नाही! मग लक्षात येतं की इथे पाइप आपणच उचलायचा असतो.

असं का? "त्यांचं कल्चर वेगळं" हे उत्तर सोपं आहे, पण अर्धवट आहे. खरं उत्तर इतिहासात आहे, आणि त्यात बंदुकीच्या गोळ्याही आहेत.

सुरुवातीला तर पंपच नव्हते. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्था बेंझ नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन, दोन मुलांसोबत, मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या. अंतर शंभरेक किलोमीटर. वाटेत इंधन संपत आलं. त्यांनी ते घेतलं कुठून? वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून! लिग्रोइन नावाचा तो द्रव तेव्हा डाग काढायला वापरायचे.

पुढे मोटारी वाढल्या. १९१३ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गला गल्फ कंपनीने खास मोटारींसाठी बांधलेला पंप उघडला. पेट्रोल भरायला माणूस, शिवाय हवा आणि पाणी फुकट. पुढची कित्येक वर्षं अमेरिकेत हीच पद्धत होती. कर्मचारी पेट्रोल भरणार, काच पुसणार, ऑइल तपासणार. म्हणजे आज आपण ज्याला "इंडियन स्टाइल" म्हणतो, ती तेव्हा अमेरिकन स्टाइल होती.

मग १९४७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एका पंपमालकाने नवी कल्पना काढली. स्वतः भरा आणि प्रत्येक गॅलनमागे काही सेंट वाचवा. लोकांनी रांगा लावल्या.

खरी मारामारी झाली ती न्यू जर्सीत. तिथे हॅकेनसॅक गावात अर्विंग रायनगोल्ड नावाच्या माणसाने १९४९ च्या सुमाराला २४ पंपांचं सेल्फ सर्व्हिस स्टेशन उघडलं. आजूबाजूच्या पंपांवर भाव होता २१.९ सेंट, याचा १८.९. गिऱ्हाईक साहजिकच इकडे वळलं. बाकीचे पंपवाले भडकले. रायनगोल्ड नंतर सांगायचा की त्याच्या स्टेशनवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि मग त्याने बुलेटप्रूफ काचा बसवल्या. गोळ्यांनी जमलं नाही, ते कायद्याने जमलं. १९४९ मध्येच न्यू जर्सीत ग्राहकाने स्वतः पेट्रोल भरण्यावर बंदी आली. कायद्यात कारण दिलं सुरक्षेचं. आग लागेल, स्फोट होईल वगैरे. पण भांडण होतं तीन सेंटचं.

ती बंदी आजही आहे. एडिसनच्या आसपास राहणारी आपली मराठी मंडळी त्यामुळे पंपावर निवांत गाडीत बसून राहतात. डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात शिरलं की मात्र स्वतः उतरावं लागतं. नदीच्या दोन्ही काठांवर पेट्रोल तेच, आग लागायची भीती तीच. फरक फक्त कायद्याचा.

ओरेगॉन राज्यातही १९५१ पासून अशीच बंदी होती. ती २०२३ मध्ये पूर्ण उठली. तरी मोठ्या वस्तीच्या भागांत निम्म्या पंपांवर माणूस ठेवायचा, असा नियम केला.

जपानचं बघा. तिथे १९९८ पर्यंत स्वतः भरायला परवानगीच नव्हती. आता आहे, पण गंमत अशी की तुम्ही नोझल उचललं की आत बसलेला प्रशिक्षित कर्मचारी तुमच्याकडे बघतो आणि परवानगी देतो. मगच पेट्रोल सुरू होतं. माणूस गेला नाही, फक्त काचेमागे गेला.

आणि ब्राझील? तिथे २००० मध्ये देशभर सेल्फ सर्व्हिस पंपांवर बंदी घालणारा कायदा झाला. त्यामागचा मोठा मुद्दा होता पंपावर काम करणाऱ्यांच्या नोकऱ्या.

म्हणजे मंडळी, पाइप कोणाच्या हातात असावा हे हवापाणी किंवा "कल्चर" ठरवत नाही. कधी पंपमालक ठरवतात, कधी सरकार, कधी कामगारांची बाजू घेणारे. कुणीतरी भांडतं, कुणीतरी जिंकतं, आणि वीस वर्षांनी सगळ्यांना वाटतं की हे असंच असतं.

आता आपल्याकडे या. आपल्या पंपांवर अजून माणूस आहे. भर उन्हात, धुरात, दिवसभर उभा. पण जरा इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंग स्टेशनवर जाऊन बघा. बहुतेक ठिकाणी ॲप उघडा, स्कॅन करा, चार्जिंगची गन स्वतःच लावा. विचारायला कोणी नाही. न्यू जर्सीने यावर भांडण केलं, ब्राझीलने कायदा केला, जपानने मधला मार्ग काढला. आपण मात्र काहीच न बोलता पुढे चाललोय. पंपावरच्या त्या दादाचं आणि ताईचं पुढे काय, हा प्रश्न अजून कोणी मोठ्याने विचारलेलाही नाही.

माणूस ठेवावाच असं मी म्हणत नाही. पण निर्णय होतोय, तर तो आपल्याला कळायला तरी हवा.

पुढच्या वेळी "झीरो बघा" ऐकलंत, की मीटरकडे बघाच. मग एक नजर सांगणाऱ्याकडेही टाका. भेटू पुढच्या भागात!