हादऱ्याची नोंद, माणसाची नोंद
म्हैसूर संस्थानातील कोलारच्या सोन्याच्या खाणींत 1880 नंतर उत्तर अर्काटातले तमिळ दलित मजूर मोठ्या संख्येने उतरले. खाणी तीन किलोमीटरांहून खोल गेल्या. पोकळी वाढते तसा भोवतालच्या खडकावर ताण येतो. खडक अचानक फुटतो आणि जमीन हादरते. हे ज्ञान मजुरांनी प्रथम अंगावर झेलले. 1970 च्या दशकाअखेर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या साहाय्याने भूकंपमापकांचे जाळे उभे राहिले. लहरी कोठे आधी पोचल्या, यावरून खडक फुटल्याची जागा काढता येऊ लागली. 2001 साली खाणी बंद पडल्या. पाणी भरलेल्या पोकळ्यांतून पुढेही हादरे नोंदले गेले. यंत्राने खडकाचा क्षणन्‌क्षण टिपला. त्या खडकाखाली राबलेल्यांचा इतिहास मात्र आपल्यालाच लिहावा लागेल.